दीपालीचे जळके कागद

न्हाणीतल्या चुलीवर पाणी तापत ठेवलं, की दीपाली तिथेच बसून कागदावर काहीतरी खरडायची आणि लिहून झालं की कागद जाळात सारायची. तिची सासू चिमा हे बरेच दिवस बघत होती. कधी दाराच्या फटीतून, कधी परसात मिरच्या तोडायचं निमित्त काढून. जाळायचंच, तर लिहायचं कशाला? आणि जाळावं लागतं असं बाईमाणसाने लिहायचं तरी कोणाला?

चिमाचा एकुलता मुलगा संदेश मुंबईच्या खोलीवर झोपेतच गेला. त्यानंतर दीपाली पार सुकली. जेवण नाही, बोलणं नाही. मग एकदा चिपळूणला मावशीकडे म्हणून गेली, ती ही लिहायची खोड घेऊनच परतली. आता दोन घास जास्त खात होती. परवा तर शेजारणीशी बोलताना चक्क हसली. चिमाच्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या घशाखाली पेज उतरत नाही आणि हिला हसू फुटतं? एक तर बाहेर कोणीतरी आहे, नाहीतर ही करणी. दुसरं काय असणार!

तिने चुलीतली राख उपसून पाहिली. बोटं काळी झाली, एवढंच. कागद सापडला असता तरी तिला वाचता कुठे येत होतं? कोणाकडून वाचून घ्यावा, तर गावभर बोभाटा. शेवटी तिने देवळात कौल लावायचं ठरवलं. देव निदान चुगली तरी करत नाही.

बाबू गुरवाने देवाच्या पाषाणावर दोन ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"काय इचारू, काकी?"

"सुनेला म्हायेरी धाडू काय? कायमची."

"आधी गाऱ्हाणा घाल. मनात काय हाय ता सगळा सांग देवाला."

चिमाने सुरुवात सुनेपासूनच केली. कागद, जाळ, हसणं. पण बोलता बोलता तिचा आवाज चढला.

"आणि त्यो? आयशीला मागं ठेवून गेला! लाज नाय वाटली रे तुला? माजा इचार नाय केलास?"

ती ओरडली, रडली, तिने फरशीवर हात आपटले. बाबू गुपचूप बाहेर जाऊन उभा राहिला. सगळं ओकून झाल्यावर चिमाला भूक लागली. सणसणीत भूक! त्या भुकेने ती चपापली. आता तिला स्वतःचाच संशय येऊ लागला.

कळ्या अजून तशाच होत्या.

"बाबू, काढ त्या. नको माला कौल."

घरी येताच तिने सरळ विचारलं, "काय लिवतंस गो त्या कागदावर?"

दीपालीचा चेहरा उतरला, पण तिने सगळं सांगून टाकलं. मावशीने तिला मनाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. कोणाला सांगता येत नाही ते लिहा, वाटलं तर जाळून टाका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

"माज्याबद्दल पन लिवतंस?"

"हो, आई. शिव्या."

चिमाने पाट ओढला आणि स्वतःच भात वाढून घेतला.

"लिव. पोटभर लिव. आणि संदेशला लिवशील तवा माज्याकडनं पन चार शिव्या घाल. सांग त्याला, आयशीला न इचारता गेलास म्हणून."