कल्याणशेठचा पासंग

मी पासंग बोलतोय. "तू त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीस," असं तुम्ही एकमेकांना येताजाता ऐकवता. पण पासंग कधी डोळ्यांनी पाहिलाय का, असं विचारलं की शंभरातले नव्वद जण इकडेतिकडे बघतात. मग आज पाहून घ्या. मी एक चपटा, काळसर, गोदावरीतला गोटा आहे. वजन म्हणाल तर नवटाकाच्या, म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. तराजूची दोन पारडी रिकामी असताना एक खाली आणि एक वर राहत असेल, तर वरच्यात जो दगड ठेवून काटा मध्यावर आणतात, तो मी.

माझा पत्ता थोडा अवघड आहे. शेवगाव तालुक्यात धरणाच्या फुगवट्यात आंबेसांगवी नावाचं गाव बुडालं. सगळं गाव गेलं, पण चावडी उंच टेकाडावर होती, ती राहिली. श्रावणापासून टेकाडाच्या चारी अंगांना पाणी असतं, वैशाखात एका बाजूने चिखलातून चालत येता येतं. म्हणजे आमचं बेट वर्षातले आठ-नऊ महिनेच बेट असतं. त्या दोन खोल्यांच्या चावडीत सात वर्षांपासून जुन्या गावाचं म्युझियम आहे. मी तिथे राहतो.

माझा जन्म नदीचा, पण मला घडवलं कल्याणशेठने. शेठचं चावडीखाली किराणा-भुसाराचं दुकान होतं. शाळा चार इयत्तांची, बाकीचं सगळं गिऱ्हाइकांकडून शिकलेले. एकदा तराजूच्या मालाच्या पारड्याची साखळी तुटली. गावच्या लोहाराने नवी घालून दिली, पण जाड. पारडं त्या अंगाला झुकायला लागलं. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता, कारण झुकलेलं मालाचं पारडं दुकानदाराच्या फायद्याचं असतं. शेठ नदीवर गेले, वीसेक गोटे धोतराच्या सोग्यात घालून आणले आणि एकेक वजनाच्या पारड्यात टाकून बघायला लागले. मी जवळपास जुळलो, तरी किंचित जड होतो. मग चावडीच्या पायरीवर त्यांनी मला दोन दुपारी घासलं. माझ्या एका बाजूला अंगठा बसेल एवढा खळगा पडला, तेव्हा कुठे काटा सरळ उभा राहिला.

पुढे वजनमापाचे साहेब आले. लोखंडी वजनांवर शिक्के मारले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा धोंडा कशाला?"

"साहेब, उचलून बघा. नाही कळलं तर सांगतो," शेठ म्हणाले.

साहेबांनी मला उचललं. तराजू कलंडला. साहेबांनी मला हळूच परत ठेवलं आणि नवा तराजू घ्यायला बजावलं. शेठ "घेतो की" म्हणाले. दर वर्षी म्हणत राहिले.

शेठची एक खोड होती. माल घालायच्या आधी रिकामा तराजू उचलायचे आणि म्हणायचे, "काटा बघा, मग बोला." गिऱ्हाईक घाईत असो, भांडत असो, आधी त्याने काटा बघितलाच पाहिजे. एकदा एक पाहुणा म्हणाला, "शेठ, माझा विश्वास आहे." शेठ म्हणाले, "माझा नाही. तुम्ही बघितल्याशिवाय मला गूळ जोखता येत नाही." माणसाला विश्वास ठेवायची एवढी घाई का असते आणि अविश्वास दाखवायची त्याहून जास्त का, हे कुतूहल मला तेव्हापासून आहे.

मग धरण आलं. गाव ट्रकांत भरून नव्या गावठाणात गेलं. शेठ थकले, वारले. तराजू माळ्यावर गेला, एका पारड्यात मी तसाच. म्युझियमसाठी गावकरी वस्तू गोळा करायला लागले तेव्हा शेठच्या एकुलत्या लेकीने, सत्यशीलाताईंनी, भावकीला सांगून तराजू पोत्यात बांधून पाठवला. त्यांचं लग्न सोळाव्या वर्षी काष्टीला झालं होतं. पोरींनी दुकानात बसायची तेव्हा रीत नव्हती, त्यामुळे तराजू त्यांनी उंबऱ्याच्या आतूनच पाहिलेला. मी त्यांना माहीतच नव्हतो.

म्युझियम चालवायला पगारी माणूस एकही नाही. दर रविवारी गावचीच माणसं येतात. छगन मासेमारी करतो, त्याची होडी. राजेश्वरीबाई नव्या गावठाणातल्या शाळेत शिकवतात, वस्तूंखालच्या चिठ्ठ्या त्यांच्या. सत्यशीलाताई आता मुलाकडे शेवगावात असतात, पण रविवारी झाडू त्यांचा. बाकी बरेच जण दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, तेव्हा किल्ली ज्याच्याकडे राहील तो त्या हंगामाचा धनी. कंदिलापासून पाटीपर्यंत सगळं लोकांनी घरातून आणून दिलेलं आहे.

घोटाळा पहिल्याच दिवशी झाला. पोत्यातून तराजू निघाला, त्यातून मी घरंगळलो. राजेश्वरीबाईंनी मला उचललं. टेबलावर पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही होती आणि पाण्यावरच्या वाऱ्याने तिची पानं फडफडत होती. "बरा सापडला," म्हणून त्यांनी मला वहीवर ठेवलं. तराजू छताला टांगला गेला, एका अंगाला कललेला.

आता माझी अवस्था बघा. समोर तराजू वाकडा, आणि तो सरळ करणारा मी कागद दाबत बसलेला! सात वर्षं मी माणसांचे अभिप्राय पाठीखाली घेतले. "फार छान", "फारच छान", "पाण्याची सोय करावी". एकाने फक्त फोन नंबर लिहिला, का ते मला अजून कळलेलं नाही. आणि गेल्या पावसाळ्यात नगरचे एक निवृत्त गृहस्थ आले, तराजूकडे बराच वेळ पाहत राहिले आणि त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं : "जुन्या काळी व्यापारी काटा कसा मारत, याचा उत्तम नमुना जतन केला आहे. अभिनंदन."

त्यांनी मला उचललं, लिहिलं, आणि त्याच ओळीवर परत ठेवलं.

छगनला ते वाचून भारी गंमत वाटली. मनाने वाईट नाही तो, पण पाहुण्यांना हसवायचा त्याला नाद. दर खेपेला सांगायला लागला, "ह्यो बघा आमच्या शेठचा तराजू. माल टाकायच्या आधीच माल भरलेला! गाव बुडालं ते पान्यानं, पर निम्मं आधीच ह्यात बुडालं हुतं."

लोक हसायचे. आतल्या खोलीत झाडू थांबायचा. चार-पाच रविवार तो नुसता थांबला. मग एकदा सत्यशीलाताई झाडू हातात घेऊनच बाहेर आल्या.

"छगन, पुढच्या रविवारी होडीत जागा ठेव. तराजू घरी नेणार आहे मी."

"ताई, आवो चेष्टा हुती ती!"

"चेष्टा असू दे. तराजू वाकडा आहे का नाही? तेवढं सांग."

राजेश्वरीबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही नेलात तर उद्या जातं नेतील, परवा पाटी नेतील. उरेल काय इथे?"

"बाई, सगळ्यांच्या वस्तू त्यांच्या घरची चांगली गोष्ट सांगतात. माझी काय सांगते?" आणि मग आवाज खाली गेला. "मला तर आता वाटतं, खरंच असेल. मी दुकानात कुठे बसले होते?"

ते ऐकून मला घाम फुटला असता, पण दगडाला ती सोय नाही. बापाच्या नावावर लेकीनेच शंका घ्यावी, आणि उत्तर हातभर अंतरावर पडलेलं असावं!

राजेश्वरीबाईंनी आठवडाभर जुनी माणसं धुंडाळली. शेठच्या गिऱ्हाइकांपैकी धड आठवणारी एकच उरली होती, कडूबाई. वय ऐंशीच्या पुढे, माहेर-सासर दोन्ही जुन्या गावातलं. पण त्या बेटावर कधी आल्या नव्हत्या. "माज्या घरावरून होडीत बसून जाऊ व्हय? खाली माजी चूल हाय," असं म्हणायच्या. वैशाखात चालत या म्हटलं, तर गुडघे चिखलात चालत नव्हते. या वेळी मात्र "कल्यानशेठला चोर म्हन्त्यात" एवढं कानावर गेलं आणि त्या काठी घेऊन निघाल्या.

रविवारी छगनची होडी लागली. कडूबाई डोळे गच्च मिटून बसल्या होत्या. पायाला जमीन लागली तेव्हा उघडले.

"कोन म्हन्तं शेठ चोर?"

छगन होडीचा दोर बांधण्यात फार गुंतला.

आत येऊन त्यांनी तराजू पाहिला. चेहरा पडला त्यांचा. "असा नव्हता," म्हणाल्या. "शेठ काटा दावल्याबिगर दाना घालत नव्हतं."

"तवा तू एवढीशी हुतीस आजी," छगन दारातून म्हणाला. "तुला काटा काय कळतूय?"

"तुला आता तरी कळतूय का?"

पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे सत्यशीलाताईंच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी तराजू बांधायला आणलेली चादर पसरली. राजेश्वरीबाई म्हणाल्या, "आजी, आलाच आहात तर वहीत अंगठा तरी उठवा." त्यांनी मला उचललं आणि पान उलटायचं म्हणून कडूबाईंच्या हातात दिलं.

कडूबाईंचा अंगठा माझ्या खळग्यात बसला. तिथेच थांबला. मग आत-बाहेर फिरला.

"अगं बया! ह्यो तर शेठचा दगूड!"

कडूबाई सांगायला लागल्या. "ठिकरीच्या खेळाला हवा म्हून मी मागितल्ता. रडले लई. शेठ म्हनले, गुळाचा खडा घे, पर हे देता येत न्हाई, ह्याच्याबिगर माझा तराजू खोटा पडल. ह्याच्यापायी मला गूळ मिळाला, मी कशी इसरन?"

त्या टेबलामागूनच पुढे झाल्या आणि "उजव्या हाताला असायचा ह्यो" म्हणत मला उजव्या पारड्यात ठेवलं. ते पारडं आणखी खाली गेलं.

दारात कोणीतरी फिस्सकन हसलं. सत्यशीलाताईंनी मान फिरवली. मी ओरडत होतो, पण माझं कोण ऐकतंय? कडूबाई मात्र हलल्या नाहीत. स्वतःशीच पुटपुटल्या, "शेठ हितं बसायचं. मी हितं नव्हते. मी गिऱ्हाईक हुते." आणि काठी टेकत, वळसा घालून, तराजूच्या समोरच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. आता त्यांचा उजवा हात दुसऱ्या पारड्याकडे आला. त्यांनी मला उचललं आणि तिकडे ठेवलं.

काटा थरथरला, डावीकडे गेला, उजवीकडे गेला. आणि मध्यावर उभा राहिला. पन्नास वर्षांनी.

छगन पुढे आला, साखळ्या चाचपल्या आणि राजेश्वरीबाईंना म्हणाला, "ही जाड हाय, म्याडम. दुसरी बारीक हाय. लोहाराचं काम हाय ह्ये." मग मान खाली घालून, "ताई, चुकलं माझं."

सत्यशीलाताईंनी पदराने चेहरा पुसला. त्यांनी वरची कडी धरून तराजू हुकातून काढला, सगळा उचलला आणि छगनच्या डोळ्यांसमोर धरला. काटा मध्यावरच राहिला.

"काटा बघा," त्या म्हणाल्या, "मग बोला."

चादर कडूबाईंना परतीच्या होडीत पांघरायला दिली.

नगरच्या गृहस्थांचं पान फाडावं, असं छगनचं मत पडलं. ताई नको म्हणाल्या. त्यांनी त्या ओळीखाली एवढंच लिहिलं : "काटा पाहिला. बरोबर आहे. कल्याणशेठची मुलगी." शेजारी कडूबाईंचा अंगठा आहे. वहीवर आता कोणाचा तरी तुटका कुलूपकोयंडा ठेवतात. तो तरी काय होता, विचारून घ्या म्हणावं.

मी पारड्यात आहे. माझ्या नावाची स्वतंत्र चिठ्ठी आहे, राजेश्वरीबाईंच्या अक्षरात. छगनचं कौतुक असं की तो आता पाहुण्यांना हसवत नाही, मला उचलायला लावतो. शाळेची पोरं रांग लावतात. उचललं की तराजू कलंडतो, पोरं "ओऽऽ" करतात. ठेवलं की काटा उभा राहतो, पोरं गप्प होतात. मला ते गप्प होणं जास्त आवडतं.

तुम्हीही या. श्रावणानंतर छगनची होडी आहे, वैशाखात वाट आहे. मला खुशाल उचला, खळग्यात अंगठा घालून बघा, वाटेल ते विचारा. फक्त जाताना परत ठेवायला विसरू नका. आणि ठेवायच्या आधी गिऱ्हाइकाच्या बाजूला येऊन उभे राहा.