छोट्या पावाची खूण

तामूने पिठाचे हात फडक्याला पुसले आणि फोनवरची पुढची विनंती वाचायला सुनेला खुणावलं.

मोरोक्कोतल्या तेतुआनच्या भट्टीच्या बोळातली माणसं आता ब्रसेल्सपर्यंत पांगली होती. त्यांचा फेसबुकवरचा गट तामूच्या ताब्यात होता. कुणाला आत घ्यायचं, कुणाला हाकलायचं, ते ती ठरवी. वाचायचं काम सुनेचं, हनानचं. गटाच्या दारातच एक प्रश्न असे: तुमच्या घरच्या पावावर खूण कोणती? एकाच भट्टीत साठ घरांचे पाव भाजले जायचे; खुणेशिवाय कुणाचा कुठला, ते कळायचं नाही.

"हा लिहितोय, चांदणी."

"चांदणी म्हणे! बाजारचा पाव खाऊन वाढलाय मेला. काढ त्याला."

"पुढची उम्म इद्रीस. इद्रीसची आई. फोटोत नुसतं लिंबाचं झाड." हनान थबकली. सासूला ती मानाने लल्ला म्हणे. "लल्ला, हिने आपलीच खूण लिहिलीय. काट्याचे दोन टोचे."

"ती अख्ख्या बोळाला ठाऊक आहे."

"पुढे लिहिलंय, माझ्या छोट्या पावाला तीन."

तामूचा हात परातीतच राहिला. उरल्या पिठाचा छोटा पाव लेकीसाठी, शामासाठी व्हायचा आणि आईची पाठ वळली की ती पोर गुपचूप तिसरा टोचा मारायची. बावीस वर्षांपूर्वी शामा आपल्या मनाने लग्न करून गेली, तेव्हा मला मुलगी नाही, असं तामूनेच भर बोळात सांगितलं होतं. गटात कुणी तिचं नाव काढलं, तर ती ते पुसायला लावी. आणि इद्रीस हे शामाच्या बापाचं नाव; ते तिने आपल्या मुलाला ठेवलं होतं. बाप वारला तेव्हाही तिला कळवलं नव्हतं.

"काढू हिला?"

"काढतेस काय? उत्तर बरोबर आहे ना? मग नियम म्हणजे नियम."

गुरुवारी दुपारी तामू नेहमीसारखी लाइव्ह पाव करायला बसली. आपल्या हाताला नावं ठेवणाऱ्याला तिथल्या तिथे हाकलायचं, हाही तिचाच नियम. पाच पाव टोचून झाले. उरल्या पिठाचा तिने एक छोटा गोळा थापला.

"हा कुणाला, लल्ला?"

"मग पीठ टाकून देऊ?"

तिने तीन टोचे मारले आणि पाव कॅमेऱ्यासमोर जरा जास्तच वेळ धरला.

हनान वाचू लागली. "उम्म इद्रीस म्हणतेय, कडा जाड झालीय, कच्ची राहील." तिने बोट उचललं. "हाकलू?"

"असू दे," तामू म्हणाली, आणि अंगठ्याने कडा दाबत बसली.