तारखेखालची सही

गिरणी बंद झाली तरी तिची शाळा चालू ठेवायची, असं तिथं शिकवणाऱ्या आम्ही तिघी बायांनी ठरवलं. पाच महिने पगार नव्हता. देशानं सोनं गहाण टाकल्याच्या बातम्या त्याच दिवसांतल्या. रडायचं तरी कुणापुढे?

अखेर पगारासाठी सरकारी मदत मंजूर झाली, पण शिक्षण कार्यालयातल्या साहेबांनी आमच्या त्या पाच महिन्यांच्या हजेरीचा पुरावा मागितला. आमची हजेरी म्हणजे गिरणीच्या फाटकावर रोज टाकायचा पितळी बिल्ला. फाटकाला कुलूप लागल्यापासून बिल्ले आमच्या पर्समध्येच होते. वेगळं रजिस्टर ठेवायचं एकीलाही सुचलं नाही.

पहिलीला शिकवणारी संबोधी घरात एकटी कमावती. सोमवारपासून पीथमपूरच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाते, असं तिनं मला सांगितलं. ती गेली की पहिलीचा वर्ग मोडणार होता. तिला थांब म्हणायला माझी जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी रघुवीर शाळेत आला. गिरणीत तो साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. त्याची मुलगी पहिलीत होती. त्यानं तिची वही माझ्यापुढे धरली.

"बाई, यात तर रोजची तारीख आणि खाली सही आहे. और क्या सबूत होना?"

शुद्धलेखन तपासलं की तारीख घालून सही करायची, ही मी शाळेत सगळ्यांना लावलेली जुनी शिस्त. संबोधीला तिचा भारी कंटाळा यायचा.

मग गिरणीच्या चाळीतल्या बायका दोन दिवस घरोघरी फिरल्या. बऱ्याच वह्या रद्दीत गेल्या होत्या. त्यातली एक रघुवीरनं कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडून सोडवून आणली, पुड्यांसाठी पानं फाडून अर्धीच उरलेली. शुक्रवारी तीसेक पालक वह्यांची दोन पोती घेऊन आमच्याबरोबर कार्यालयात आले आणि पायऱ्यांवर बसून राहिले.

साहेबांनी तासभर वह्या उलटल्या, तारखा कागदावर उतरवल्या. तेलकट वही त्यांनी दोन बोटांनी उचलली.

"ये तो पोहे खाके आई है."

"पाँच महीने की भूखी थी, साब," रघुवीर म्हणाला.

साहेब हसले नाहीत. त्यांनी अर्जावर हजेरी मान्य असल्याचा शेरा लिहिला, शिक्का मारला आणि मंगळवारी पगार घेऊन जायला सांगितलं. संबोधी बाहेर येऊन पायरीवर बसली आणि कितीतरी वेळ नुसती पदरानं तोंड पुसत राहिली.

सोमवारी ती माझ्याआधी शाळेत आलेली. लाल पेन्सिलीला टोक काढत होती.

"बाई," तिनं विचारलं, "आज तारीख किती?"