एका दिवसाची शपथ

चर्चच्या कचेरीत बसून मी एकोणीस वर्षं बेवड्यांच्या शपथा लिहितेय. ग्वादालूपेच्या मातेसमोर गुडघे टेकायचे, वर्षभर थेंब शिवणार नाही म्हणायचं, आणि मी नाव-तारीख घालून दिलेलं कार्ड पाकिटात ठेवायचं. मग हे सत्पुरुष वर्षभर कॅलेंडर बघत बसतात. मुदत संपते त्या दिवशी सकाळीच बिअर बर्फात पडलेली असते. शपथ मोडली असं कोणाला म्हणायची सोय नाही, मुदतच संपली ना.

माझा धाकटा भाऊ फिदेन्सियो या कलेत पारंगत. आठ कार्डं मीच लिहिली. आठव्याची मुदत संपली आणि चार दिवसांनी तो ओढ्याकाठी रक्त ओकत सापडला. डॉक्टर म्हणाले, यकृत गेलंय, आता प्यायला तर वाचणार नाही. वर त्याच्या मुलीला, युरिदियाला, पंधरा वर्षं पूर्ण होत होती. आमच्याकडे पंधराव्या वाढदिवसाला मोठा समारंभ होतो, त्यात पोरगी बापाबरोबर नाचते. तिने सांगून टाकलं, "पप्पा प्यायलेले असले तर मी मामाबरोबर नाचेन."

तर हे महाशय आले माझ्या खिडकीशी.

"ताई, कार्ड लिही."

"किती, वर्षाचं?"

"एका दिवसाचं."

"एक दिवस तर आपली मांजरही दुधाशिवाय काढते."

"टायरवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत आम्हा दारू सोडणाऱ्यांची बैठक असते. तिथे म्हणतात, फक्त आजच्यापुरतं बघायचं. हा आजार आहे ताई."

"आजार? मलाही साखरेचा आजार आहे. मी कुठे रडत फिरते?"

"तरी काल चार गोड पाव खाल्लेस."

मी कार्ड लिहिलं आणि शिक्का असा आपटला की दौत कलंडली.

त्यानंतर चाळीस दिवस तो रोज सकाळी यायचा, कचेरीच्या सुट्टीला घरी, आणि मी रोज त्याची सालं काढायची. आलास का, मला वाटलं गटारात शोधावं लागेल. मान खाली घालून कार्ड घ्यायचा नि जायचा.

समारंभ शनिवारी दुपारी होता. सकाळी तो घरी आला, केस चापूनचोपून बसवलेले. मी म्हटलं, "शनिवारी कचेरी बंद असते," आणि दार लावलं. मी काय करतेय ते मला पक्कं माहीत होतं.

मंडपात मी मुद्दाम त्याच्या समोरची खुर्ची धरली. एका पाहुण्याने त्याच्या हातात टकीलाचा पेला कोंबला. तो पेल्याकडे बघत राहिला. आता घेतो, मी मनात म्हटलं. त्याने पेला आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि नाचायला गेला. पोरीच्या नव्या बुटावर दोनदा पाय दिला गाढवाने, पण नाचला. खरं सांगते, तो प्यायला नाही याचं मला वाईट वाटलं. मग स्वतःचीच इतकी किळस आली की जेवण ताटात तसंच राहिलं.

रविवारी तो फिरकला नाही. सोमवारी मी कार्ड आधीच लिहून ठेवलं. अकरा वाजले तरी याचा पत्ता नाही. ढोसली असणार, म्हणून कार्ड घेऊन मी त्याच्या घरी गेले, तोंडात शिव्या तयार. तो अंगणात मंडपवाल्याच्या खुर्च्या धूत होता. शुद्धीत.

"कार्ड न्यायला आला नाहीस?"

"आता नाही येणार."

"का, बरा झालास वाटतं?"

"बरा कसला. आजही उठल्याउठल्या पहिला विचार बाटलीचाच." तो फडकं पिळत म्हणाला, "पण ताई, तुझ्या खिडकीवरून परतताना मला रोज प्यावंसं वाटायचं. रोज गुत्त्यासमोर थांबायचो. शनिवारी तू दार लावलंस, तेव्हा सरळ बैठकीला गेलो. तिथे कोणी हसत नाही."

कार्ड पिशवीत कोंबलं आणि ओल्या खुर्चीवरच बसले.

त्याने विचारलं, "आज गोड पाव खाल्लेस?"

"दोन."

"असू दे. उरलेला दिवस सांभाळ," तो म्हणाला, आणि पुढची खुर्ची ओढली. मी त्याच्या जागी असते तर हसले असते.