मुहूर्ताची गाडी

महागावच्या जिनिंगमध्ये हंगामाची पहिली कापसाची गाडी आणणाऱ्याला फेटा आणि त्याच्या घरच्या बाईला साडी द्यायची रीत आहे. मागच्या वर्षी तो मान राजदीपला मिळाला. त्याच्या बायकोनं, पायलनं, ती मोरपंखी साडी इतक्या लग्नांत मिरवली की शेजारच्या नलूला तिचे काठ पाठ झाले.

यंदा राजदीपच्या अंगणात वेचलेला कापूस वाळत पडलेला दिसला, तशी नलू नवऱ्यापुढं उभी राहिली.

"आपली गाडी उद्याच निघाली पाहिजे."

"दवातला कापूस आहे," नागोराव म्हणाला. "दोन दिवस उन्हात पसरू दे ना वं."

"तवर पायलच्या घरी दुसरी साडी येते."

नागोराव हसला. पण मागच्या वर्षी राजदीपच्या डोक्यावरचा फेटा पाहून त्यालाही त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. सकाळी ओलाच कापूस टेम्पोत कोंबला.

जिनिंगच्या फाटकात राजदीपचा टेम्पो बरोबर मागं लागला, त्याच्यामागं आणखी गाड्यांची रांग. पायल खाली उतरली.

"वहिनी, लय घाई केली बाप्पा."

"घाई कायची? आमचा कापूसच लवकर फुटला."

वजनकाट्याला हार घातला, नारळ फुटला. खरेदीदार जहीरभाईंनी कापसात कोपरापर्यंत हात खुपसला आणि बाहेर काढलेली मूठ दाबून पाहिली.

"नागोरावभाऊ, माल ओला आहे. खालचा भाव लागंन, अन् मुहूर्ताच्या गाडीले जो भाव फुटंन तोच आज मागच्या सगळ्या गाड्यायले. नाहीतर वाळवून आणा, राजदीपची गाडी पहिली घेतो."

रांगेतल्या सगळ्यांनी नागोरावकडं पाहिलं. नागोरावनं नलूकडं पाहिलं. नलू पायलकडं पाहत होती.

"तोला," नागोराव म्हणाला.

"याच्या फेट्यापायी आमचा भाव गेला," मागून कोणीतरी पुटपुटलं.

नलूला जांभळी साडी मिळाली. पायलनं पदराला हात लावून पाहिला. "तुमाले हा रंग खुलते वहिनी." बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून नलूला ते जास्तच झोंबलं.

तेवढ्यात राजदीपनं टेम्पो वळवला. "माझा माल वाळलेला आहे, जहीरभाई. या भावात नाही देत. राहू द्या घरी."

पायल त्याच्या बाजूला जाऊन बसली. पांढराशुभ्र, काठोकाठ भरलेला टेम्पो फाटकातून निघाला. साडी काखेत धरून नलू तो वळणापर्यंत पाहत राहिली.

"काय पाहून राह्यली?"

"केवढी भरलेली आहे वो त्यायची गाडी."

"आपलीबी तेवढीच होती," फेटा सावरत नागोराव म्हणाला.