सहा जणांत तीन पोळ्या

"बोर्गहिल्ड, तू चुकलीस!" इल्वा पहिल्या बाकावरून ओरडली.

"मी? मी तर वायर लावतेय."

"तू नाही गं. ही तू!" इल्वानं लॅपटॉपकडं बोट दाखवलं. पडद्यावर बोर्गहिल्डच होती, केस अजून पिवळे, गाल वर आलेले. "तीन भागिले अर्धा म्हणजे सहा ना? सहा लिहिलं तर लाल फुली येते."

"ही म्हणते दीड," सिवर्ट खिदळला. "तीन पोळ्या, प्रत्येकाला अर्धी, म्हणजे जेवली दीड माणसं! अर्धा कोण गं, इल्वा? तुझा बाबा?"

बाकीची पाचही पोरं हसली. बोर्गहिल्ड मात्र वायर हातात धरून उभीच राहिली.

त्या बेटावरचा वारा असा, की सकाळी कुणाला हाक मारली तर ती संध्याकाळी शेजारच्या बेटावर पोचते. आणि तिथला भलताच माणूस 'ओ' देतो! हिवाळ्यात मासेसुद्धा दगडाला धरून झोपतात म्हणे. असल्या दिवसांत होड्या बंद, पोरं घरात कोंडलेली. म्हणून तर लॅपटॉप द्या, लॅपटॉप द्या, असं म्हणत बोर्गहिल्ड नगरपालिकेच्या उरावर बसली होती. ते मिळाले तशी स्वैपाकघरात बसून तिनं एकेक धडा लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात भरला. बटाट्याच्या पोळ्या, म्हणजे लेफ्से, कापून कापून अपूर्णांक शिकवले. पोरं अशी तयार झाली, की आजोबांना जाळ्याचा हिशोब सांगायला लागली.

नगरपालिकेला ते धडे इतके आवडले, इतके आवडले, की त्यांनी धडे ठेवले आणि बाईला काढलं.

"चार्जिंग बघायला राहतेस का?" एवढं मात्र विचारलं. दुसरं काम म्हणजे गोदीवर मासे साफ करणं, आणि तिची बोटं तर सुईसुद्धा धरत नव्हती. राहिली.

तिनं बाहेर जाऊन नगरपालिकेतल्या साहेबाला फोन लावला.

"तर्ये, त्या धड्यात चूक आहे. माझीच. मध्येच माझा कुत्रा, पासोप, भुंकला, मी दार उघडायला उठले, परत आले ती भरकटलेच. उत्तरही तसंच भरून ठेवलं."

"अगं, पण निकाल बघ की! बहुतेक सगळी पोरं बरोबर."

"दीड लिहून!"

"मग लिहू देत. धडा आता सगळ्या बेटांवर चालतो. एका पोरीसाठी कुठं उसवत बसू?"

"निदान मला फळ्यावर सांगू दे."

तर्ये हसला. तसा वाईट नव्हता तो. "बोर्गहिल्ड, शिकवायला ती आहे ना. तुला वायरींना ठेवलंय."

ती आत आली. पोरांनी धडा पुन्हा लावला होता. सहा पडद्यांवर सहा बोर्गहिल्डा पोळी कापत होत्या. तेवढ्यात पासोप भुंकला. खरी बोर्गहिल्ड दाराकडं वळली. दर वेळी वळायची. कुत्र्याला पुरूनही दोन हिवाळे झाले होते.

पडद्यावरची उठून गेली. सहा रिकाम्या खुर्च्या.

बोर्गहिल्डनं आपला डबा उघडला. तीन लेफ्से होत्या, लोणी-साखर लावलेल्या. एकेक मोडून तिनं प्रत्येक पोरापुढं अर्धी ठेवली. डबा रिकामा झाला, तो तिनं इल्वापुढं धरला.

इल्वानं डब्यात बघितलं, मग सगळ्या बाकांकडं.

"सहाच," ती हळूच म्हणाली.

"हं!" सहा पडद्यांवरून सहा बोर्गहिल्डा परत येऊन बसल्या. "कुठं होते बरं मी?"

इल्वानं पोळी संपवली, बोटं चाटली, स्वेटरला पुसली आणि दीड लिहिलं.