मागच्या गल्लीतली जपानी

मी बोलतेय ती मागच्या गल्लीतून. समोर कामगार संघटनेच्या हॉलपाशी ऐसपैस जागा मोकळी आहे, पण तिथे पाटी आहे: ‘परदेशी गाड्या मागे लावा.’ अमेरिकेतल्या फ्लिंट गावात ही पाटी कुणाला खटकत नाही. इथे घरोघरी मोटारी बनवणारे हात, आणि मी पडले जपानी.

माझा जन्म नागोयाजवळच्या एका कारखान्यातला. माझ्या दरवाजाला केसाएवढी फट राहिली, तेव्हा एका बाईने काम थांबवायची दोरी ओढली आणि गाड्या जोडणारी सगळी रांग थांबली. तिच्यावर कुणी ओरडलं नाही. फट बुजवली, मग रांग पुढे सरकली. मी थोडी पेट्रोलवर चालते, थोडी बॅटरीवर. अमेरिकेत उतरले तेव्हा इथले कारखाने घराएवढाले ट्रक बनवत होते. मला बघून लोक हसायचे, “ही गाडी की टोस्टर?”

रोझानने मला सेकंडहँड घेतलं. ती गावातल्या इंजिनांच्या कारखान्यात काम करते. तिचे वडील लेन वोयचिक यांनी त्याच कारखान्यात उभा जन्म इंजिनं जोडली. ती पाटीही त्यांनीच रंगवलेली. ते माझ्यात कधी बसले नव्हते. जाता-येता चाकाला हलकी लाथ मात्र न चुकता.

गेल्या हिवाळ्यात बातमी आली: इंजिनांचं काम उन्हाळ्यानंतर संपणार. कामगार नवं काम शिकायला तयार असतील, तरच कंपनी कारखाना विजेच्या गाड्यांसाठी बदलण्याचा विचार करणार. हॉलमध्ये मतदान ठरलं, निवृत्त झालेल्यांनाही मत होतं. पुष्कळजण विरोधात होते. विजेच्या गाडीला भाग कमी, म्हणजे हातही कमी लागणार, ही त्यांची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण रोझानने घरात सांगून टाकलं, “कारखाना बंद झाला तर मी दूर केंटकीला चालले. जपान्यांच्या कारखान्यात.”  लेनना दुसरं मूल नाही.

मतदानाच्या शुक्रवारी लेनच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. ट्रक चालवता येईना. नाइलाजाने बसले माझ्यात, कुबड्या छातीशी धरून.

पहिल्याच लाल दिव्याला माझं इंजिन शांत झालं.

“पडली बंद!” लेनना केवढा आनंद झाला. “सांगत होतो ना मी!”

“बंद नाही पडली, बाबा. नुसतं उभं राहायला कशाला पेट्रोल जाळायचं?”

“गाडीने कशी उभ्या उभ्या गुरगुरायला हवं.”

“तू गुरगुरतोस तेवढं बास आहे.”

दिवा हिरवा झाला. मी आवाज न करता सरकले. लेन कान लावून ऐकत होते. पुढच्या दिव्याला हळूच म्हणाले, “हे कधीपासून जमतं यांना?”

“मी शाळेत होते तेव्हापासून.”

“आणि आम्ही काय करत होतो?”

“हसत होतात.”

मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं, लेन, माझ्या माणसांचंही सगळं बरोबर नाही. त्यांनी मला घडवलं आणि माझ्यावरच खूश होऊन बसले. पूर्ण विजेवर जायचं म्हटलं की म्हणतात, सावकाश, सावकाश. तुमची माणसं आज मोठी घोषणा करतात आणि विक्री जरा घटली की माघार घेतात. एकाचं पाऊल उचलत नाही, दुसऱ्याचं टिकत नाही. आणि धूर? तो कुणासाठी थांबलाय?

हॉलच्या दारात लेनचे जुने सोबती ओटिस उभे होते. त्यांचे डोळेच विस्फारले. “लेन, तू? यातून? अरे, पुढेच लावा आज, मागे बर्फ आहे.”

“मागे घे, रोझान,” लेन म्हणाले. “पाटी मी रंगवलीय.”

त्या निसरड्या गल्लीतून ते लेकीचा खांदा धरून गेले. आत काय झालं ते मला परतीच्या वाटेवर कळलं.

“तू हात वर करशील असं वाटलं नव्हतं,” रोझान म्हणाली. “आणि वर भाषणही?”

“भाषण कसलं. म्हटलं, आमचे आजे इंजिनं शिकले तेव्हा त्यांच्या बापांनाही घोडे सोडवत नव्हते. पोरांना शिकू द्या. जपानी शिकतात, मग आपल्याला काय धाड भरलीय?”

नवं काम शिकायचा ठराव थोडक्या मतांनी पास झाला.

कंपनीचं उत्तर मात्र अजून नाही. बाजाराचा अंदाज घेतोय, म्हणतात. रोझानने केंटकीच्या कारखान्याला उन्हाळ्यापर्यंत थांबा म्हणून कळवलंय. हॉलवर दर शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण असतं, त्याला लेन आता माझ्यातूनच येतात. लाथ बंद झालीय.

काल ओटिसनी विचारलं, “काढून टाकू का रे ती पाटी?”

“राहू दे,” लेन म्हणाले. “आधी पोरीच्या हातची गाडी कारखान्यातून बाहेर येऊ दे. ती पुढे लावू. मग पाटी काढ, आणि हिला तिच्या शेजारी उभी कर.”

म्हणून मी गल्लीत थांबलेय. पण बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने माझा तळ गंजत चाललाय, बॅटरीही थकलीय. नागोयातल्यांनो, फ्लिंटमधल्यांनो, मला जुनी करणारी गाडी मला डोळ्यांनी बघायचीय. जरा लवकर करा.